भुईउंबरातल्या केंबराचं बारसं

आमच्या कामातला पहिला नियम म्हणजे पंखा बंद. मे महिना असो, उल्हासनगरच्या कॉलेजातली वरच्या मजल्यावरची तापलेली प्रयोगशाळा असो, घाम हनुवटीवरून टपकत असो, कामाला बसलं की पंखा लावायचा नाही. कारण समोरचा प्राणी तिळाच्या दाण्याहूनही बारीक असतो आणि त्याला पंख असतात. मेलेला असला तरी तो उडतो. बाहेरून कुणी आलं की आधी म्हणायचं, "बाई, इथे इतकं कसं उकडतंय?" आणि मी मान वर न करता म्हणायची, "दार लावून घ्या, वारा येतोय." त्यामुळे स्टाफरूममध्ये माझ्याविषयी बरंच काही बोललं जायचं, आणि ते सगळंच खोटं होतं असं नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात केंबरं बघायची. उंबराचं पिकलेलं फळ फोडलं की आतून चिमूटभर चिलटांसारखे किडे भुर्रकन उडतात, ती केंबरं. उंबर फोडून केंबरं उडवू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. झाकलेलं उगाच उघडं करू नये, असा त्याचा अर्थ. मी आयुष्यभर पगार घेऊन तेच केलं.

उंबराला फूल नसतं हेही आपण लहानपणापासून ऐकतो. असतं. शेकड्यांनी असतात, पण फळाच्या आत, भिंतीला चिकटून. त्या फुलांपर्यंत पोचायला एक इवलंसं केंबर अरुंद भोकातून आत घुसतं, पंख तुटले तरी मागे फिरत नाही, आत अंडी घालतं आणि जाता जाता परागीकरण करून मरतं. वड, पिंपळ, पायर, नांदुर्की, भुईउंबर, प्रत्येकाची केंबरं वेगळी. शिवाय लग्नात जसे आमंत्रण नसलेले लोक जेवून जातात, तसे काही आगंतुक किडेही असतात. ते आत शिरत नाहीत. बाहेरूनच लांबलचक सुईसारखी शेपटी फळात खुपसून अंडी घालतात. माझा सगळा जीव या आगंतुकांवर.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. वडील कारखान्यात होते. सिन्नरकडच्या गावातून ते आईला घेऊन इथे आले आणि चाळीतल्या पहिल्या खोलीत त्यांनी बाबासाहेबांचा फोटो लावला, मग चूल मांडली. मी एम.एस्सी. झाले तेव्हा सगळ्या कॉलनीत पेढे वाटले गेले. पुढे मी नेमकं काय करते हे कळल्यावर आई म्हणाली, "एवढं शिकून किडंच बघायचं व्हतं, तर गावाला काय कमी व्हतं का गं?" आई आता नाही, पण घरात कुठे मुंगी दिसली की मला अजून तिचाच आवाज ऐकू येतो.

किडे ओळखणाऱ्या बाई म्हणून माझी ख्याती कॉलेजच्या बाहेरही पसरली होती. एकदा कॅम्पातले एक सिंधी सुकामेव्याचे व्यापारी, पांढराशुभ्र सफारी घातलेले, थेट प्रयोगशाळेत आले. हातात अंजिराचा डबा.

"मॅडम, एक पर्सनल बात आहे," ते खाली बसत म्हणाले. "मोबाइलवर आलंय की अंजीरमध्ये किडा मरतो, म्हणून अंजीर नॉनव्हेज. माझे अर्धे कस्टमर शुद्ध शाकाहारी आहेत, साईं. ते विचारतात. मी काय बोलू?"

मी त्यांना झाडाचं सगळं शास्त्र सांगितलं. किडा शिरतो, मरतो, पुष्कळशा जातींत तो विरघळून जातो, आणि बाजारातली बरीच अंजिरं तर किड्याशिवायच धरतात. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

"म्हणजे व्हेज?"

"झाडाच्या दृष्टीनं बघाल तर झाडच थोडं नॉनव्हेज आहे."

ते डबा उचलत म्हणाले, "मॅडम, हे कस्टमरला नाही सांगणार." पुढची कित्येक वर्षं दिवाळीला त्यांच्याकडून माझ्या घरी बदाम यायचे, अंजीर कधीच आलं नाही.

नवीन जात सापडली म्हणजे काय होतं, असं लोक मला विचारतात. त्यांना वाटतं जंगलात शिरल्यावर एखादा अद्भुत किडा समोर येतो आणि आपण ओरडतो. तसं काही नसतं. किडा आधीच बाटलीत असतो, दारूत बुडालेला (दारू म्हणजे प्रयोगशाळेतलं अल्कोहोल), आणि आपण कितव्यांदा तरी त्याच्याकडे बघत असताना शंका येते की याच्या मिशीचं तिसरं पेर जरा जास्तच लांब आहे. मग पेरं मोजायची, पंखांवरचे केस मोजायचे, शेपटीचं माप घ्यायचं, जगभरातल्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचं. एवढं करून तो कुणाशीच जुळला नाही, तर एक नमुना निवडायचा. तो मूळ नमुना. पुढे जगात कुणालाही या जातीविषयी वाद घालायचा असेल तर त्यानं याच एका नमुन्याकडे यायचं. त्रिकोणी कापलेल्या पुठ्ठ्याच्या टोकावर डिंकाचा ठिपका ठेवून त्यावर तो किडा कुशीवर चिकटवायचा. डिंक जास्त झाला तर पाय बुडतात, कमी झाला तर किडा पडतो. आणि सगळ्यात शेवटी नाव द्यायचं.

माझ्या वाट्याला असं नाव देण्याची वेळ निवृत्तीनंतर आली.

किडा तसा जुनाच होता. बदलापूर स्टेशनबाहेर रानभाज्या विकायला बसणारी हिरूबाई, बारवीच्या बाजूच्या एका वाडीतली, माझी अनेक वर्षांची ओळखीची. तिच्या वाडीखालच्या ओढ्याला भुईउंबराचं एक जुनं झाड आहे. त्याची फळं थेट खोडाला लगडतात, घोस जमिनीला टेकतात. त्या झाडावर मला एक हिरवट चमकीची मादी मिळाली होती, शेपटी अंगाच्या दुपटीहून लांब. नवीन वाटत होती. पण नराशिवाय काही खरं नव्हतं, कारण या घराण्यातल्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात आणि ओळख पटते ती नरावरून. आणि नराला पंखच नसतात. तो फळातच जन्मतो, फळातच मरतो. फळ मऊ पडलं आहे, पण भिंतीला अजून भोक पडलेलं नाही, एवढ्याच अवधीत ते फोडलं तर तो सापडतो. नोकरीत असताना दर खेपेला मी लवकर तरी पोचले किंवा उशिरा तरी.

निवृत्त झाल्यावर हिरूबाईलाच फोन करायला सांगून ठेवलं. एका उन्हाळ्यात सकाळीच फोन आला.

"बाय, तुजा उंबर नरम झालाय गो. आज ये. उद्या आलीस त रिकामा मिलंल."

मी आणि वैशाली, माझी जुनी विद्यार्थिनी, आता बदलापूरला शिकवते, रिक्षा करून धावलो. ओढ्याकाठी बसून दुपारपर्यंत फळं फोडली. नेहमीची केंबरं शेकड्यांनी निघाली, आणि त्यात पिवळसर, आंधळ्यासारखा चालणारा, जबडा पुढे आलेला एकच नर. हिरूबाई वाकून बघत म्हणाली, "यासाठी येवढी आलीस?" मी म्हटलं, "यासाठी नोकरी संपवून आले."

घरी जेवणाच्या टेबलावर मी मायक्रोस्कोप मांडला होता. खिडक्या बंद, पंखा बंद. नर सुकवून पुठ्ठ्याच्या टोकाशी आणला, डिंकाचा ठिपका ठेवला आणि कुंचल्याच्या एका केसावर त्याला उचललं. तेवढ्यात आई, तेव्हा ती होती आणि माझ्याकडेच राहायची, दुपारची झोप काढून उठली. मला घामानं भिजलेली बघून ती स्वयंपाकघरात गेली, ताकाचा पेला आणला, माझ्यापाशी ठेवला आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

"आई, पंखा!"

"तुझा घाम बघवंना मला."

कुंचला रिकामा होता. जगातला आम्हाला माहीत असलेला एकमेव नर आमच्या हॉलमध्ये कुठेतरी होता. मी आईला पाय वर घेऊन खुर्चीतच बसवलं, आणि टॉर्च आडवी धरून फरशीवर गुडघ्यांवर रांगत सुटले. कोपऱ्यातला कचरा पांढऱ्या ताटात गोळा केला. आईच्या लुगड्याचा पदर झटकू न देता तपासला. आई पाय वर घेऊन मुकाट बसली होती, अपराध्यासारखी. मला तिची दया येत होती आणि रागही आवरत नव्हता. शेवटी थकून मी टेबलाशी बसले, ताकाचा पेला तोंडाला लावायला उचलला, आणि काठाशी, ताकावर, एक पिवळा ठिपका दिसला.

अल्कोहोलमध्ये धुतला. मिशा शाबूत, पाय शाबूत. मी हसायला लागले आणि हसता हसता बोलून गेले, "तुझंच नाव द्यायचं ठरवलं होतं याच्या जातीला. आणि तूच उडवून लावत होतीस!"

आई हसली नाही.

"माझं नाव? किड्याला?"

"अगं, मान असतो तो. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं देतात."

"मग त्यांची दे. त्यांना कुनी किडा म्हनलं न्हाई कधी. आमाला म्हनत व्हते. तुझ्या बापाच्या गावाला वरच्या आळीवरनं पानी आनाया गेलं की म्हनायचे, आली किड्यामुंग्यांची रांग, बाजूला व्हा. त्यातनं तुझ्या बापानं उचलून हितं आनली मला. आन आता माझी लेक छापून आनती व्हय, शांताबाई म्हंजी किडा?"

ती उठून आत गेली. मी पंखा बंद केला, नर चिकटवला.

मला फार वाईट वाटलं. तिच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. ती म्हणत होती ते मला वर्षानुवर्षं माहीत होतं. ज्या भुईउंबरावर मी उमेदीची वर्षं खर्च केली, त्याला जुन्या पुस्तकांत आणखी एक मराठी नाव आहे. खऱ्या उंबराहून हलका, फळ खायच्या लायकीचं नाही, म्हणून त्याच्यामागे आमच्या माणसांच्या जातीची शिवी जोडलेली आहे. ते नाव मी वर्गात कधी उच्चारलं नाही, इथेही लिहीत नाही. कुणीतरी कधीतरी ठेवून दिलेलं, आणि छापलं गेल्यामुळे टिकलेलं. म्हणूनच मला त्या झाडावरच्या किड्याला आईचं नाव द्यायचं होतं. तेवढा सूड मला हवा होता. पण ज्या बाईसाठी घ्यायचा, तिलाच तो नको असेल तर मी कोण?

दोघी एका घरात राहत होतो आणि कामापुरतं बोलत होतो. शोधनिबंध पुरा झाला होता, वर्णन, मापं, चित्रं सगळं. फक्त नावाची जागा रिकामी होती. आमच्या कॉलेजच्या संस्थेतले एक जुने पदाधिकारी शिवमंदिराच्या रस्त्यावर भेटले, त्यांनी उत्साहानं सुचवलं, "मॅडम, आपल्या चेअरमनसाहेबांचं द्या ना! त्यांना बरं वाटेल." मी त्यांना किड्याचा फोटो मोबाइलवर दाखवला. शेपटी बघून त्यांनी विषय बदलला. वैशाली म्हणत होती, गावाचं नाव देऊन टाकू या, बदलापूरचं. मलाही तेच बरं वाटायला लागलं होतं.

अशात वैशालीचा घाबराघुबरा फोन आला. कुणा इंग्रज साहेबानं शंभरेक वर्षांपूर्वी याच जातीच्या झाडावरून असाच एक किडा नोंदवला होता, दोन ओळींत, चित्राशिवाय. त्याचा नमुना परदेशातल्या संग्रहालयात आहे, फोटो मागवलेत. फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून मी बोलत होते. आई पलीकडे मेथी निवडत बसली होती.

"मॅडम, तोच निघाला तर?"

"तर आपलं नाव बाद. नियमच आहे. जे पहिलं नाव दिलं गेलं तेच खरं. मागाहून कितीही मोठ्या माणसानं दुसरं दिलं तरी ते उभं राहत नाही."

"आणि लोकांनी मधे दुसरंच वापरलं असेल तर?"

"एखाददुसरा अपवाद सोड. पहिलंच धरायचं."

फोन ठेवला. मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला होता.

"खरंच का गं?" आईनं विचारलं. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलत होती. "पयलं नावच ऱ्हातं?"

"हो."

"आन मागनं कुनी बदललं, समद्यांनी त्याच नावानं हाका मारल्या, जल्मभर, तरी?"

"तरी पहिलंच."

ती मेथीकडेच बघत म्हणाली, "माझं शांता न्हाई."

साठी उलटलेली बाई मी, आणि मला आईचं नाव माहीत नव्हतं. तिचं लग्न धर्मांतराच्या आधीचं, जुन्या रीतीचं. नवरी दारात आली तेव्हा सासरी तिच्याच नावाची एक आत्या आधीच होती. एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत म्हणून सासूनं उंबऱ्यावरच सांगितलं, आजपासून ही शांता. तिला कुणी विचारलं नाही. मामा तिला बाय म्हणायचे, वडील तर नावानं हाक मारतच नसत. रेशनकार्डावर, मतदार यादीत, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे शांता.

"मग काय नाव तुझं?"

ती लाजली. आई लाजलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

"गोजरा," ती म्हणाली. "माझ्या बापानं ठिवलं व्हतं. खांद्यावर घिऊन गावभर फिरायचा, म्हनायचा, माझी गोजरा, माझी गोजरा. लगीन झालं आन ती तिथंच ऱ्हायली."

तिनंच विचारलं, "दाव बरं तुझा किडा." मी लॅपटॉप आणला. मोठा केलेला मादीचा फोटो पडदाभर पसरला. आई चष्मा वर-खाली करत पुढे झुकली.

"अगं, अंगावर जर हाय की हिच्या. ही बाईच ना?"

"बाईच."

"आन उडती?"

"उडते. नर आतच राहतो, ही बाहेर पडते."

"मग दे तिला. शांताबाईला लोकांनी लई नावं ठिवली. गोजराला कुनी किडा म्हनलं न्हाई. तिला मायेरचीच मानसं ठावं हायेत." मग जरा थांबून, "पन त्या साहेबाचा किडा तोच निघाला तर?"

"तर नाही देता येणार."

त्यानंतर फोटो येईपर्यंत ती रोज सकाळी चहा घेऊन माझ्यापाशी यायची आणि विचारायची, "आलं का साहेबाचं?" मी आजवर कितीतरी वेळा असल्या उत्तरांची वाट पाहिली आहे, पण इतकी भीती कधी वाटली नव्हती. फोटो आले. वैशालीनं तिच्या घरी आणि मी माझ्या घरी वेगवेगळं मोजलं, एकमेकींना न सांगता. साहेबाच्या किड्याच्या मिशीला एक पेर कमी होतं. शेपटी निम्मी. वेगळा होता, स्पष्ट वेगळा.

बाईचं नाव दिलं की लॅटिन रीतीनं शेवटी 'ए' जोडतात. गोजराए. निबंध छापून आला तेव्हा मी आईला शेजारी बसवून नावाच्या व्युत्पत्तीची ओळ वाचून दाखवली, आधी इंग्रजी, मग मराठीत: हे नाव पहिल्या लेखिकेच्या, म्हणजे माझ्या, आईचं, तिच्या वडिलांनी ठेवलेलं. तिनं पडद्यावर त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मी बोट धरून नेमक्या शब्दावर आणलं.

"आता कुनी बदलनार न्हाई?"

"कुणालाच बदलता येणार नाही."

ती उठली, आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"येकदा हाक मार बरं त्या नावानं."

आईला नावानं हाक कशी मारायची? मी कसंबसं, खालच्या आवाजात म्हटलं, "गोजरा."

"आशी न्हाई. अंगनातनं मारत्यात तशी."

मी उभी राहिले आणि मोठ्यानं हाक मारली. इतक्या मोठ्यानं की समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं. आईनं मागे वळून पाहिलं नाही. लहान मुलगी खेळता खेळता देते तशी, लांबवर पोचेल अशी, तिनं ओ दिली.